चौदा संगणकांसाठी ऑफिस: वर्गणी भरावी की मुक्तस्रोत वापरावे?

सदाशिव पेठेतील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यवाहांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्थेकडे चौदा संगणक आहेत. त्यांपैकी नऊ संगणकांवर रीतसर विकत घेतलेले मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०१६ आहे आणि उरलेल्या पाचांवर विक्रेत्याने ‘बसवून दिलेले’ ऑफिस आहे, ज्याचा एकही कागद दप्तरात सापडत नाही. ऑफिस २०१६ ला मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. आता सर्व संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टला दरवर्षी वर्गणी भरावी, की लिब्रेऑफिस हे बिनशुल्क मुक्तस्रोत ऑफिस बसवावे? आणि ते बसवल्यास मराठी पत्रव्यवहार, वार्षिक अहवाल, सभासदांच्या याद्या आणि हिशेब यांचे काय होईल?

माझे मत आधीच सांगतो. बारा संगणकांवर लिब्रेऑफिस बसवावे, हिशेबनीस आणि अनुदानाचे तक्ते भरणारे लेखनिक यांच्या दोन संगणकांवर परवान्याचे एक्सेल राहू द्यावे, आणि या दोन्ही गोष्टींच्या आधी संस्थेच्या जुन्या मराठी फायली युनिकोडमध्ये (कोणत्याही संगणकावर तीच अक्षरे दाखवणाऱ्या सांकेतिक पद्धतीत) आणण्याचे काम हाती घ्यावे. गेली वीस-बावीस वर्षे पुण्यातील लहान-मोठ्या कार्यालयांची अशी स्थलांतरे मी करत आलो आहे. जिथे ती फसली तिथे दोष सॉफ्टवेअरचा क्वचितच होता; आपल्याकडे कोणत्या प्रकारच्या फायली आहेत, त्या कोणाकडून येतात आणि कोणाकडे जातात, याची मोजदाद कोणी केलेली नव्हती.

पाच संगणकांचा प्रश्न प्रथम निकालात काढू, कारण त्यात निवडीला वाव नाही. प्रताधिकाराचे (कॉपीराइटचे) उल्लंघन करणारी संगणक-प्रोग्रामची प्रत जाणूनबुजून वापरणे हा प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ब खाली गुन्हा आहे. त्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितलेला आहे. वापर नफ्यासाठी नसेल तर न्यायालय शिक्षा सौम्य करू शकते, पण सार्वजनिक न्यासाच्या विश्वस्तांनी त्या सवलतीच्या भरवशावर राहावे असे मला वाटत नाही. शिवाय कुलूप तोडून चालू केलेल्या अशा प्रतींसोबत नको ते प्रोग्रामही संगणकात शिरलेले मी अनेकदा पाहिले आहेत. ते पाच संगणक या आठवड्यातच मोकळे करावेत.

आता शब्दांचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. ‘मोफत’ आणि ‘मुक्तस्रोत’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. डब्ल्यूपीएस ऑफिस मोफत मिळते, पण त्याचा स्रोत, म्हणजे प्रोग्रामची मूळ संहिता, बंद आहे. गूगल डॉक्सला पैसे पडत नाहीत, पण त्याचाही स्रोत खुला नाही आणि तुमची फाईल दुसऱ्याच्या संगणकावर राहते. लिब्रेऑफिसचा स्रोत मोझिला पब्लिक लायसन्सखाली खुला आहे. ते कितीही संगणकांवर बसवता येते, कार्यालयीन वापरालाही त्याचे शुल्क नाही आणि उद्या ते चालवणारी संस्था बंद पडली तरी स्रोत इतरांना पुढे नेता येतो. हे शेवटचे वाक्य केवळ तत्त्वाचे नाही, तसे एकदा घडलेले आहे. जर्मनीतील स्टार डिव्हिजन या कंपनीचे स्टारऑफिस १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतले आणि २००० मध्ये त्याचा स्रोत ओपनऑफिस या नावाने खुला केला. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतल्यावर प्रकल्पाच्या भवितव्याविषयी शंका निर्माण झाली, तेव्हा बऱ्याच विकासकांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये द डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापून लिब्रेऑफिस वेगळे काढले. मूळ ओपनऑफिस नंतर अपाचे फाउंडेशनकडे गेले, पण २०१४ मधील ४.१ या आवृत्तीनंतर त्यात किरकोळ दुरुस्त्यांपलीकडे फारसे काही घडलेले नाही. पुण्यातील संगणक दुरुस्तीची दुकाने आजही सवयीने ओपनऑफिस बसवून देतात. ते घेऊ नये.

ओन्लीऑफिस हा दुसरा मुक्तस्रोत पर्यायही विचारात घेण्यासारखा आहे. तो मायक्रोसॉफ्टचेच डॉक्स-एक्सएलएसएक्स (.docx, .xlsx) हे फाईल-स्वरूप आपले मूळ स्वरूप म्हणून वापरतो, त्यामुळे बाहेरून आलेल्या फायली त्यात पुष्कळदा अधिक जशाच्या तशा दिसतात आणि त्याचा चेहराही वर्डच्या जवळचा आहे. तरीही तुमच्यासारख्या संस्थेला मी लिब्रेऑफिसच सुचवतो. याचे कारण जुन्या फायली उघडण्याची त्याची क्षमता. तिच्याविषयी पुढे लिहितो.

वर्गणीच्या पर्यायाविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. वर्गणी म्हणजे काय हे वाचनालयाला मी सांगायला नको: सभासदाने ती थांबवली की पुस्तक घरी नेता येत नाही. येथेही तसेच आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची मुदत संपून ठरावीक काळ गेला की फाईल पाहता आणि छापता येते, पण तिच्यात बदल करता येत नाही. ज्यांना एकाच वेळी अनेकांनी एका फाईलवर काम करणे, आउटलुक आणि टीम्स यांची खरोखर गरज आहे त्यांच्यासाठी ती वर्गणी वाजवी आहे. नोंदणीकृत न्यासांना कंपन्यांकडून सवलतीही मिळतात, त्यांची चौकशी अवश्य करावी. परंतु जेथे महिन्याला शे-दीडशे पत्रे, एक इतिवृत्त आणि काही याद्या एवढेच काम आहे, तेथे चौदा वर्गण्या हा कायमचा खर्च होतो. जे दोन संगणक मी वेगळे ठेवायला सांगितले आहेत, त्यांच्यासाठी एकदाच पैसे भरून मिळणारी २०२४ ची आवृत्ती घ्यावी; तिला सुरक्षा-दुरुस्त्या ऑक्टोबर २०२९ पर्यंत मिळणार आहेत.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे मराठीकडे येतो. पुण्यातील कोणत्याही जुन्या संस्थेत १९९० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांतील मराठी मजकूर बहुतेक श्रीलिपीत, सी-डॅक या शासकीय संगणक-संस्थेच्या आयएसएम या टंकलेखन-प्रोग्राममध्ये किंवा शिवाजी, किरण अशा फॉन्टांत टंकलेला असतो. या फॉन्टांची युक्ती साधी होती. संगणकाला वाटते की आपण रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवत आहोत, आणि फॉन्ट त्या प्रत्येक चिन्हाच्या जागी देवनागरीचा एखादा अवयव (काना, वेलांटी, अर्धा वर्ण) काढून दाखवतो. फॉन्ट जागेवर असेतो सारे सुरळीत दिसते. तो काढला की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा पडतो. लिब्रेऑफिसमध्ये फाईल उघडल्यावर ‘मराठी गेले’ अशी जी तक्रार येते ती दहापैकी नऊ वेळा याच जातीची असते, आणि नव्या संगणकावर वर्ड बसवले असते तरी ती आलीच असती.

यावर तात्पुरता उपाय म्हणजे तुमच्या परवान्याचे ते फॉन्ट बाराही संगणकांवर बसवणे. पण मग एक खबरदारी घ्यावी लागते. लेखन-प्रोग्राममध्ये वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे करणारी आणि सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे करणारी सोय चालू असते. इंग्रजीत ती उपयोगी पडते. श्रीलिपीसारख्या फॉन्टात लहान एबीसीच्या जागी मोठी एबीसी आली की एका वर्णाचा दुसराच वर्ण होतो. एका कार्यालयात ‘सभा’ हा शब्द दर परिच्छेदाच्या आरंभी बिघडत असे आणि तेथील बाई कित्येक महिने तो हाताने सुधारत बसल्या होत्या. जुन्या फॉन्टात काम करणाऱ्या संगणकांवर ऑटोकरेक्टमधील या नोंदी प्रथम बंद कराव्यात.

खरा उपाय मात्र रूपांतर हाच आहे. बाजारात आणि सी-डॅकसारख्या संस्थांकडून मिळणारी रूपांतर-साधने प्रत्येक फॉन्टासाठी वेगळा तक्ता वापरतात, म्हणून आधी कोणती फाईल कोणत्या फॉन्टात आहे याची यादी करावी लागते. एकाच अहवालात तीन फॉन्ट निघणे ही नित्याची गोष्ट आहे. रूपांतरानंतर चुका ठरावीक जागी सापडतात. रफार एक अक्षर पुढे-मागे सरकलेला असतो, ऱ्हस्व वेलांटी जोडाक्षराच्या चुकीच्या बाजूला बसते, ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’ अशा शब्दांतील अर्ध्या ऱ्याचा साधा रफार होतो, आणि इंग्रजी शब्द किंवा दूरध्वनी क्रमांक मध्येच असतील तर तेही देवनागरीत उलटून निरर्थक होतात. त्यामुळे रूपांतरित मजकूर एका मराठी जाणकाराने वाचूनच पुढे पाठवावा. वाचनालयात असा माणूस शोधावा लागत नाही, ही तुमची मोठी सोय आहे. सगळे एकदम करू नये. घटना, ठराव, इतिवृत्ते आणि अलीकडच्या दहा वर्षांचे अहवाल एवढे आधी घ्यावे. जाहिरातीचे जुने फलक आणि आमंत्रणपत्रिका रूपांतरित करण्यात वेळ घालवू नये, त्यांची पीडीएफ पुरते.

अहवालांबाबत एक वेगळी अडचण येईल. त्या काळी आप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या टंकजुळणी केंद्रांतून अहवाल सहसा पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्राममध्ये तयार होत आणि छपाईनंतर फ्लॉपी किंवा सीडी संस्थेला परत मिळे. आज पेजमेकर चालवणारा संगणक मिळणे कठीण आहे. लिब्रेऑफिसमध्ये २०१५ च्या ४.४ या आवृत्तीपासून पेजमेकरच्या फायली ड्रॉ या त्यातील चित्र-प्रोग्राममध्ये उघडण्याची सोय आलेली आहे. पाने तंतोतंत जुळतील अशी अपेक्षा ठेवू नये, पण मजकूर हाती येतो आणि तो रूपांतर-साधनात घालता येतो. वर्डच्या फार जुन्या आवृत्त्यांच्या आणि मायक्रोसॉफ्ट वर्क्सच्या फायलींचेही असेच. मागे ओन्लीऑफिसपेक्षा लिब्रेऑफिस सुचवले ते यासाठीच.

नव्या मजकुराची व्यवस्था पहिल्याच दिवशी नीट लावली तर पुढचा त्रास वाचतो. टूल्समधील ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट ही नोंद सक्रिय करून तिच्यापुढे मराठी निवडावी. रायटर (लिब्रेऑफिसमधील वर्डसारखा लेखन-प्रोग्राम) प्रत्येक परिच्छेदासाठी रोमन लिपीचा आणि देवनागरीचा फॉन्ट स्वतंत्रपणे लक्षात ठेवतो, त्यांचे आकारही स्वतंत्र असतात. हे माहीत नसले की माणूस आकार चौदा करतो, इंग्रजी मोठे होते आणि मराठी होते तेवढेच राहते. मग प्रोग्रामला शिव्या बसतात. यावरचा उपाय म्हणजे मूळ परिच्छेद-स्टाइलमध्येच दोन्ही फॉन्ट आणि दोन्ही आकार एकदा ठरवून ती फाईल साचा म्हणून साठवणे. भाषा मराठी निवडण्याला आणखी एक कारण आहे. नोटो सान्स देवनागरीसारख्या काही फॉन्टांत हिंदी आणि मराठी वळणाचे ल आणि श दोन्ही दिलेले असतात, आणि मजकुराची भाषा मराठी नोंदलेली असेल तरच मराठी वळणाची अक्षरे उमटतात. मराठी शुद्धलेखन-तपासणीचा शब्दकोशही जोडता येतो. मात्र मराठीतील विभक्तिप्रत्यय आणि सामान्यरूपे पाहता तो बऱ्याच बरोबर शब्दांखाली लाल रेघ मारतो, तेव्हा त्याला मदतनीस समजावे, परीक्षक नव्हे.

टंकलेखनाच्या कळफलकाचा प्रश्न लिब्रेऑफिसशी संबंधित नाही, तो विंडोजचा आहे. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक विंडोजमध्येच आहे. ज्यांनी टायपिंग संस्थेत रेमिंग्टन शिकलेले आहे त्यांना युनिकोडमध्ये रेमिंग्टनच्या क्रमाने लिहू देणारी साधने मिळतात. पंचवीस वर्षे एका पद्धतीने चाललेली बोटे बदलायला लावू नका.

दुसरी चिंता बाहेरून येणाऱ्या फायलींची. डॉक्स फाईल रायटरमध्ये उघडल्यावर पान सरकते याचे सर्वांत मोठे कारण फॉन्ट हे आहे. कॅलिब्री आणि कॅम्ब्रिया हे मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट त्याच्या प्रोग्रामांबरोबर येतात. ते नसलेल्या संगणकावर लिब्रेऑफिस त्यांच्याऐवजी कार्लिटो आणि कॅलाडिया वापरते. या फॉन्टांतील अक्षरांची रुंदी मूळ फॉन्टांइतकीच ठेवलेली असल्यामुळे ओळी तेथेच तुटतात. एरिअल आणि टाइम्स न्यू रोमन यांच्यासाठी लिबरेशन घराण्यातील फॉन्ट हेच काम करतात. देवनागरीत मात्र अशी जोडी नाही. मंगल किंवा निर्मलामध्ये लिहिलेले पत्र दुसऱ्या फॉन्टात उघडले की ओळी बदलणारच. म्हणून संस्थेने एकच मुक्त परवान्याचा देवनागरी फॉन्ट ठरवावा, तो सर्वांकडे बसवावा आणि बाहेर पाठवायच्या महत्त्वाच्या फाईलमध्ये तो अंतर्भूत करण्याची सोय फाईलच्या प्रॉपर्टीजमधून चालू करावी.

तरंगत्या चौकटी, स्मार्टआर्ट (वर्डमधील तयार आकृत्या) आणि पानभर पसरलेली गुंतागुंतीची कोष्टके यांत फरक पडतो, हे मान्य करावे लागते. येथे मी एक नियम लावतो आणि त्यात कोणालाही सवलत देत नाही: एकच फाईल वर्ड आणि रायटर यांच्यात चेंडूसारखी फिरवायची नाही. प्रत्येक फेरीत थोडे काहीतरी गळते, आणि पाचव्या फेरीनंतर दोष कोणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. अंतिम पत्र जायचे असेल तर पीडीएफ जावी. समोरच्याला बदल करायचे असतील तरच डॉक्स जावी, आणि तशा फायली मुळातच साध्या मांडणीच्या ठेवाव्यात. संस्थेच्या दप्तरात राहणारी प्रत मात्र ओडीएफ या लिब्रेऑफिसच्या मूळ, खुल्या फाईल-स्वरूपात असावी.

ओडीएफचा आग्रह का, हे कार्यकारिणीत कोणीतरी विचारेलच. हे स्वरूप २००५ मध्ये ओएसिस या मानक-संस्थेने मान्य केले आणि २००६ मध्ये ते आयएसओचे २६३०० क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक झाले. एखाद्या ओडीटी (ओडीएफमधील लिखित मजकुराच्या) फाईलच्या नावातील शेवटची अक्षरे बदलून झिप करा आणि ती उलगडा: आत कंटेंट नावाची साधी एक्सएमएल फाईल सापडते आणि तिच्यात तुमचा मजकूर वाचता येण्याजोगा असतो. डॉक्सही झिपच आहे आणि त्याचेही २००८ पासून आयएसओ मानक आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ते मानक अवाढव्य आहे आणि जुन्या वर्डच्या सवयींचे ओझे त्यात उतरलेले आहे. भारतीय मानक ब्युरोने त्या मतदानात विरोधी मत दिले होते. केंद्र शासनाने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे आणि २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. एखाद्या विश्वस्ताला शासकीय आधार हवा असेल तर ही दोन धोरणे दाखवता येतील. इतिवृत्तांसाठी लिब्रेऑफिसमधील हायब्रिड पीडीएफ मला फार आवडते. ती इतरांना साधी पीडीएफ म्हणून दिसते, पण मूळ ओडीटी तिच्याच पोटात असल्यामुळे आपल्याला तीच फाईल रायटरमध्ये उघडून दुरुस्त करता येते.

हिशेबाकडे येताना मला माझीच एक चूक सांगावी लागेल. सुमारे दहा-बारा वर्षांपूर्वी एका कार्यालयातील सर्व संगणकांवरचे जुने ऑफिस मी एका शनिवारी काढले आणि लिब्रेऑफिस बसवून समाधानाने घरी गेलो. सोमवारी सकाळी दहाला दूरध्वनी आला. पगारपत्रकाची एक्सेल फाईल उघडत होती, आकडे दिसत होते, पण ‘पावत्या काढा’ हे बटण दाबले की काहीच घडत नव्हते. त्या बटणामागे कोणीतरी पूर्वी व्हीबीए या ऑफिसच्या आतल्या प्रोग्राम-भाषेत लिहिलेला मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणारा छोटा प्रोग्राम, होता आणि तो लिहिणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला होता. पगार दोन दिवस उशिरा झाला. तेव्हापासून मी आधी मॅक्रो असलेल्या फायली शोधतो आणि मगच कशालाही हात लावतो.

लिब्रेऑफिस व्हीबीएचा काही भाग समजते, सगळा नाही. साध्या मॅक्रोंपैकी बरेच चालतात; संवादचौकटी असलेले आणि आउटलुकशी किंवा विंडोजच्या अंतर्भागाशी बोलणारे चालत नाहीत. वस्तू व सेवा कराच्या वार्षिक विवरणपत्राचे ऑफलाइन साधन एक्सेलच्या मॅक्रोंवर उभे आहे आणि त्याला मायक्रोसॉफ्ट एक्सेलच लागते. तुमच्या न्यासाचे असे काम सनदी लेखापालांच्या कार्यालयात होत असेल तर तुम्हाला त्याची झळ नाही. पण लेखापाल तुम्ही भरून द्यावेत म्हणून मॅक्रोयुक्त तक्ते पाठवत असतील तर हिशेबनिसांकडे एक्सेल हवेच. टीडीएसच्या विवरणपत्राचे साधन जावावर चालते, त्याला एक्सेल लागत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खालील अनुदानासाठी जे तक्ते भरून द्यावे लागतात, ते कुलूपबंद एक्सेलमध्ये येत असतील तर त्या लेखनिकांच्या संगणकावरही एक्सेल ठेवावे. दोन संगणकांचा आकडा मी असा काढला आहे. तुमच्या मोजदादीत तो एक किंवा तीनही निघू शकेल.

मॅक्रो वगळता कॅल्कला, म्हणजे लिब्रेऑफिसमधील एक्सेलसारख्या प्रोग्रामला, तुमच्या कामात कमतरता पडणार नाही. एका पानावर एक्सेलइतक्याच म्हणजे १०,४८,५७६ ओळी मावतात. एक्सलुकअप, फिल्टर, युनिक ही नवी फंक्शने ऑगस्ट २०२४ च्या २४.८ या आवृत्तीपासून कॅल्कमध्येही आली आहेत. त्याआधीची आवृत्ती कोणी बसवली तर याच फंक्शनांवर गाडी अडेल. पॉवर क्वेरी (बाहेरची माहिती ओढून आणण्याचे साधन) नाही, पिव्होट (सारांश-कोष्टक) आहे पण त्याला स्लायसर (गाळणीची बटणे) नाहीत. लोकेल (देशानुसार आकडे आणि तारखा मांडण्याची सेटिंग) ‘इंग्रजी (भारत)’ निवडल्यास स्वल्पविराम लाख-कोटींप्रमाणे पडतात आणि तारखेत दिवस आधी येतो. तारखेची ही सेटिंग विसरली तर पाच जूनचा सहा मे होतो, आणि पावत्यांच्या नोंदीत अशी चूक लेखापरीक्षणापर्यंत लपून राहते. महत्त्वाची एक्सेल फाईल कॅल्कमध्ये पहिल्यांदा उघडल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एफ९ या कळा एकत्र दाबून सर्व सूत्रे नव्याने मोजायला लावावीत आणि मग बेरजा जुन्या छापील प्रतीशी ताडाव्यात. तसे न केल्यास कॅल्क फाईलमध्ये आधीपासून साठवलेलीच उत्तरे दाखवत असण्याची शक्यता असते आणि ‘सगळे जुळले’ हे समाधान खोटे ठरते.

सभासदांच्या याद्या मराठी वर्णानुक्रमाने लावताना सॉर्टच्या पर्यायांमध्ये भाषा मराठी निवडावी, आणि ळ, क्ष, ज्ञ यांनी सुरू होणाऱ्या वा ती अक्षरे मध्ये असणाऱ्या नावांची जागा एकदा डोळ्यांनी तपासावी. नावे जुन्या फॉन्टात असतील तर ती आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय कोणताही प्रोग्राम त्यांचा क्रम लावू शकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती रोमन चिन्हांची भेळ आहे. ग्रंथसूची मात्र कॅल्कमध्येही ठेवू नये आणि एक्सेलमध्येही नाही. त्यासाठी न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी बनलेले आणि २००० सालापासून वापरात असलेले कोहा हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. पण तो स्वतंत्र विषय झाला.

थकीत वर्गणीची स्मरणपत्रे तुम्ही मेल मर्जने (यादीतील नावे एकाच पत्रात आपोआप भरून) काढत असाल तर तेथे सर्वांत जास्त कुरकुर ऐकू येईल, आणि ती रास्त आहे. रायटरला यादीची फाईल आधी डेटास्रोत म्हणून नोंदवून द्यावी लागते, मग क्षेत्रे ओढून पत्रात टाकावी लागतात. वर्डमधील क्रम याहून सरळ आहे. मी पहिल्या वेळी स्वतः बसून साचा करून देतो. त्यानंतर दर महिन्याला यादी बदलली की पत्रे निघतात आणि कोणाला आतले काही पाहावे लागत नाही.

माणसांच्या बाबतीत एवढेच सांगेन की आपल्याकडे संगणक शिकणे म्हणजे एमएस-सीआयटी आणि त्यातले वर्ड-एक्सेल हे समीकरण दोन दशके रुजलेले आहे. व्ह्यूमधील यूजर इंटरफेसमध्ये जाऊन ‘टॅब्ड’ ही वर्डसारखी मांडणी निवडली की निम्मी अनोळख जाते. दोन-दोन तासांची तीन सत्रे पुरतात, पण ती संस्थेच्याच पत्रांवर आणि याद्यांवर घ्यावीत. तयार उदाहरणांवर घेतलेले प्रशिक्षण मी कोणाच्या लक्षात राहिलेले पाहिले नाही. कर्मचाऱ्यांमधील एकाला, शक्यतो सर्वांत जास्त शंका काढणाऱ्याला, आधी शिकवावे.

हे सगळे फुकट होते असेही समजू नये. परवान्याचे पैसे वाचतात, पण रूपांतर, प्रशिक्षण आणि पहिल्या दोन महिन्यांची मदत यांवर खर्च होतो. जर्मनीतील म्यूनिक शहराने २००३ मध्ये निर्णय घेऊन २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर आणि मुक्त ऑफिसवर नेले, आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचे ठरवले. त्याच देशातील श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार संगणकांवर लिब्रेऑफिस आणण्याचा निर्णय घेतला. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीचे उदाहरण पुढे करतात. चौदा संगणकांच्या संस्थेला त्यांतून घेण्याजोगी गोष्ट एवढीच की विंडोज आणि ऑफिस एकाच वेळी बदलायला जाऊ नये. लिब्रेऑफिस विंडोजवर उत्तम चालते. तेवढे आवृत्ती पाहून घ्या, कारण २५.८ पासून त्याला किमान विंडोज १० लागते.

बसवताना ते लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग या अधिकृत ठिकाणाहूनच उतरवावे. वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास, नवी आवृत्ती येते. कार्यालयाने नव्या आवृत्तीमागे धावू नये, तिच्या आधीची, दुरुस्त्या होऊन मुरलेली आवृत्ती घ्यावी. विंडोजवर नव्या आवृत्तीची सूचना येते, पण ती उतरवून बसवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. ते कोणा एकाच्या नावावर नेमून दिले नाही तर तीन वर्षे तीच आवृत्ती पडून राहते, आणि मग सुरक्षेच्या दृष्टीने तुम्ही पुन्हा ऑफिस २०१६ च्याच जागी येता.

वेळेविषयी शेवटचे. ३१ मार्चच्या आसपास, लेखापरीक्षण चालू असताना आणि वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आधी काहीही बदलू नये. दिवाळीनंतरचे दोन महिने तुमच्या कामाला मोकळे असतात. ते पाच विनापरवाना संगणक आत्ताच घेऊन त्यांवर लिब्रेऑफिस चालू करावे, म्हणजे अडचणी लहान प्रमाणात कळतील. तोवर फायलींची मोजदाद आणि फॉन्टांची यादी पूर्ण करावी, आणि दिवाळीनंतर उरलेले सात संगणक बदलावेत. त्या सातांवरचे जुने ऑफिस एक महिना तसेच राहू द्यावे. फक्त फायली दोनदा टिचकी मारल्यावर लिब्रेऑफिसमध्ये उघडतील अशी जोडणी करून द्यावी. महिनाभरात जुने ऑफिस कोणी कशासाठी उघडले याची एका वहीत नोंद ठेवायला सांगा. त्या वहीत जे निघेल त्यावरून एक्सेलचे दोन संगणक पुरतात की तिसरा लागतो, हे ठरवता येईल.